मॉड मॅनेजर की हाताने फायली टाकणं? भाच्याच्या स्कायरिमवरून पडलेला प्रश्न

सिंहगडरोडकर (धागाकर्ता)

परवा रविवारी सकाळी भाचा धायरीहून सायकल मारत आमच्याकडे आला, पाठीवर लॅपटॉपची बॅग. अकरावीत आहे. चहा-पोहे काही नको म्हणाला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी गंभीर आहे. "मामा, स्कायरिम उघडतच नाही. लोगो दिसतो आणि सगळं बंद." दिवाळीच्या सुट्टीपासून तो या कॉम्प्युटर खेळात एकच पात्र खेळतोय. ऐंशी तासांच्या वरची सेव्ह (खेळातली जपलेली प्रगती) आहे.

डेटा फोल्डर उघडून बघितला आणि पोटात गोळा आला. साठेक मॉड (खेळात बदल करणाऱ्या, इतरांनी बनवलेल्या फायलींचे संच) त्याने हातानेच टाकले होते. झिप उघडायची, आतलं सगळं डेटा फोल्डरात ओढायचं, "आधीच्या फायली बदलू का?" असं विचारलं की "सगळ्या बदल". कुठला पोत (वस्तूवरचं चित्र) कुठल्या मॉडचा, कुठली जाळी (वस्तूचा आकार) कोणी झाकली, कशाचाच मागमूस नाही. आदल्या रात्री त्याला शहरं बदलणारा एक मोठा मॉड नकोसा झाला, म्हणून त्याने ओळखू आल्या तेवढ्या फायली उडवल्या. त्यात त्या मॉडचं मुख्य प्लगइन (मॉडचे बदल खेळाला सांगणारी फाइल) गेलं, पण त्याच्या आधारावर उभा असलेला एक छोटा पॅच तसाच चालू राहिला. आधाराची फाइल सापडली नाही की हा खेळ मेन्यूपर्यंतही पोचत नाही. एवढंच झालं होतं.

स्टीमवरून, म्हणजे खेळ जिथून घेतला त्या दुकानाच्या प्रोग्राममधून, फायली तपासून घेतल्या. इथे एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा: त्याने मूळ फायली जागेवर येतात, पण आपण वरून टाकलेलं जादा सामान जात नाही. स्टीम फक्त स्वतःच्या यादीतल्या फायली बघतं. म्हणजे पॅच तिथेच, शहराच्या मॉडचे अर्धे पोतही तिथेच.

मी स्वतः याच मालिकेतल्या मॉरोविंडपासूनचा, म्हणजे २००२ सालचा. तेव्हा सगळं हातानेच करायचो आणि शेजारी एक शंभर पानी वही असायची. तारीख, मॉडचं नाव, कुठल्या फोल्डरात काय टाकलं, काय झाकलं गेलं आणि जुनी फाइल कुठे जपून ठेवली. वहीशिवाय मॉड टाकायचा नाही हा नियम होता. भाच्याला वही कोणी सांगितली नव्हती, मीही नाही, आणि ते मला फार लागलंय.

आता त्याला नव्याने बसवून द्यायचंय. माझा कल मॅनेजरकडे, म्हणजे मॉड बसवून-काढून देणाऱ्या प्रोग्रामकडे आहे, पण मुलाला फोल्डरची समज यावी असंही वाटतं. मॉड ऑर्गनायझर २, व्होर्टेक्स की वही? ज्यांनी दोन्हीकडे हात भाजून घेतलेत त्यांनी सविस्तर लिहा.

तपकीरगल्ली

धागा वाचून जीव कळवळला. ऐंशी तास म्हणजे थोडेथोडके नाहीत.

स्कायरिमसाठी मी बरीच वर्षं मॉड ऑर्गनायझर २ वापरतोय. त्याचं वेगळेपण नीट सांगतो, कारण ते कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. प्रत्येक मॉड त्याच्या स्वतःच्या फोल्डरात राहतो. खेळाच्या डेटा फोल्डरात एकही फाइल जात नाही. खेळ मॅनेजरमधून सुरू केला की मॅनेजर खेळाला एक आभासी डेटा फोल्डर दाखवतो, ज्यात सगळे मॉड एकमेकांवर रचलेले असतात. खेळ बंद झाला की तो फोल्डर विरतो. फाइल एक्सप्लोररमधून बघाल तर डेटा फोल्डर कोरा करकरीत.

ताटांची चळत समजा. डावीकडच्या यादीत जो मॉड खाली, त्याचं ताट वर. वरचं ताट उचललं की खालचं दिसतं, कारण खालचं कधी गेलेलंच नसतं. तुमच्या भाच्याच्या पद्धतीत मात्र एकच ताट आहे, आणि प्रत्येक मॉड त्यावरचं पुसून नवं वाढतो.

व्होर्टेक्सचा मार्ग वेगळा. तोही मॉड एका बाजूच्या फोल्डरात ठेवतो, पण "डिप्लॉय" केलं की खेळाच्या फोल्डरात हार्डलिंक बनवतो. हार्डलिंक म्हणजे एकाच फाइलला दोन पत्ते. जागा दुप्पट लागत नाही, दोन्हीकडे फाइल दिसली तरी डिस्कवर ती एकच असते. अट एकच, दोन्ही फोल्डर एकाच ड्राइव्हवर हवेत. लॅपटॉपला सी आणि डी असे भाग पाडलेले असतात, खेळ डीवर असतो, व्होर्टेक्स स्वतःचा फोल्डर सीवर धरून बसतो, आणि मग मुलं म्हणतात हे चालतच नाही. आधी तो फोल्डर डीवर हलवा. "पर्ज" केलं की सगळ्या लिंका निघतात आणि खेळ मूळ रूपात येतो.

आणि खेळ प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवू नका. विंडोज तिथे परवानग्यांवरून अडवतं. स्टीमची दुसरी लायब्ररी डीवर काढा.

शेतातली_ताई

मी पूर्ण उलट बाजूची आहे, म्हणून लिहिते. स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या खेळात माझे नव्वदच्या आसपास मॉड आहेत आणि सगळे हाताने टाकलेले. एकदाही सेव्ह गेली नाही.

कारण तिथे मॉड मुळातच आपापल्या फोल्डरात राहतात. एसएमएपीआय नावाचा लोडर (मॉड खेळात चढवणारा प्रोग्राम) बसवायचा, मॉड्स फोल्डरात प्रत्येक मॉडचा फोल्डर टाकायचा, झालं. प्रत्येकात एक मॅनिफेस्ट फाइल असते, त्यात नाव, आवृत्ती आणि त्याला दुसरं काय लागतं ते लिहिलेलं असतं. खेळ सुरू होताना काळ्या खिडकीत लोडर स्वतः सांगतो की अमुक मॉडची नवी आवृत्ती आली आहे, तमुकाला लागणारा मॉड सापडला नाही. एखादा तात्पुरता बंद करायचा तर फोल्डरच्या नावाआधी एक टिंब टाकते, लोडर तो वगळतो. मी ऋतूंप्रमाणे, घराच्या सजावटीचे, पात्रांचे असे उपफोल्डर केलेत, तेही त्याला चालतं.

पूर्वी स्टारड्यूमध्येही खेळाच्या मूळ चित्रफायली बदलायची पद्धत होती आणि तेव्हा लोकांचे असेच हाल व्हायचे. मग कंटेंट पॅचर नावाचा मॉड आला. तो मूळ फाइलला हात न लावता खेळ चालू असताना चित्र बदलतो. मार्च २०२४मध्ये १.६ आवृत्ती आली तेव्हा बरेच मॉड काही दिवस बंद पडले, पण काय बंद पडलं आणि का, ते मला त्या काळ्या खिडकीत ओळीने वाचता आलं.

तेव्हा दादा, मला वाटतं प्रश्न मॅनेजर की हात असा नाहीच. खेळ मॉडना वेगळं घर देतो की सगळ्यांना एकाच खोलीत कोंबतो, हे आधी बघायचं. वेगळं घर असेल तर हात पुरतात.

सिंहगडरोडकर

@शेतातली_ताई, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. माझ्या प्रश्नाची मांडणीच चुकली होती. मॉरोविंड आणि स्कायरिम, दोन्ही एका खोलीचे खेळ. वही त्यासाठीच लागत होती.

पहाटेचा_विचर

ताईंशी सहमत, पण वेगळी घरं दिली तरी भांडणं होतात. विचर ३ हा खेळ घ्या. तिथे प्रत्येक मॉडचा वेगळा फोल्डर असतो, नाव "मॉड" या अक्षरांनीच सुरू व्हायला हवं. हाताने टाकणं सोपं. पण दोन मॉडनी एकच स्क्रिप्ट फाइल (खेळ चालवणाऱ्या कोडची) बदलली असेल तर एक जिंकतो आणि दुसरा मुकाट मरतो, नाहीतर खेळ सुरू होतानाच स्क्रिप्टच्या चुकांची यादी फेकतो. त्यासाठी स्क्रिप्ट मर्जर लागतो. तो दोन्ही फायली शेजारी ठेवतो, जिथे बदल एकाच ओळीवर आदळतात तिथे तुम्हाला विचारतो, आणि जोडलेली फाइल वेगळ्या फोल्डरात ठेवतो. हे काम मॅनेजरचं नाही आणि नुसत्या हाताचंही नाही. मॉडच्या लेखकाने काय बदललं ते वाचावंच लागतं.

डिसेंबर २०२२मध्ये विचरची नवी ४.० आवृत्ती आली तेव्हा माझे जुने जोडलेले स्क्रिप्ट सगळे निरुपयोगी झाले. तीन संध्याकाळी कर्वे रोडच्या ट्रॅफिकमधून घरी येऊन मी तेच करत होतो. मनापासून सांगतो, त्या तीन संध्याकाळी मला त्या खेळाचा कोड जेवढा कळला तेवढा आधी कधी कळला नव्हता.

धायरीचा_भाचा

नमस्कार. मामाने लिंक पाठवली म्हणून खातं काढलं. मीच तो.

मॅनेजर मी का वापरला नाही ते सांगतो. मला वाटायचं त्याला पैसे लागतात. मित्र म्हणाला की नेक्सस या मॉडच्या साइटचं प्रीमियम घ्यावं लागतं. आणि मी जे व्हिडिओ बघितले त्यात सगळे म्हणायचे "ड्रॅग करा, झालं". माझी डिस्क ५१२ जीबीची आहे, म्हणून सगळ्या गोष्टी दोनदा ठेवायची भीती वाटली.

आणि एक विचारायचं होतं. मॅनेजरने मॉड काढला तर माझी सेव्ह नीट राहील ना?

तपकीरगल्ली

ये रे बाळा, बरं केलंस आलास.

पैशांचं आधी. मॉड ऑर्गनायझर आणि व्होर्टेक्स, दोन्ही फुकट. प्रीमियम घेतलं की डाउनलोडचा वेग वाढतो आणि अख्खी मॉडयादी एका झटक्यात आपोआप उतरवता येते. वाबाजॅकसारख्या साधनातल्या तयार मॉडयाद्या वापरायच्या तर प्रीमियम नसताना प्रत्येक मॉडवर स्वतः क्लिक करावं लागतं. तुझे साठ मॉड आहेत. एका रविवारचं काम.

जागेचं वर लिहिलंच आहे. मॉड एकदाच साठतो. उतरवलेल्या झिप मात्र मॅनेजर जपून ठेवतो, त्या हव्या तर नंतर काढ.

आता सेव्हचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. मॅनेजर फायली मागे नेऊ शकतो, सेव्ह मागे नेऊ शकत नाही. ज्या मॉडमध्ये स्क्रिप्ट असतात त्यांच्या खुणा सेव्हमध्ये बसतात. मॉड काढलास तरी सेव्हला वाटत राहतं की तो आहे, आणि कधी लगेच, कधी वीस तासांनी खेळ विचित्र वागायला लागतो. पोत, चेहरे, गवताचा रंग हे केव्हाही बदल. शहरं, शोधमोहिमा, लढाईचे नियम बदलणारे मॉड मधेच काढू नकोस. काढायचेच असतील तर तो मॉड टाकण्याआधीच्या सेव्हवर जा.

हे हाताने केलं तरी तसंच आणि मॅनेजरने केलं तरी तसंच.

शेतातली_ताई

भाच्या, जुन्या सेव्ह तू ठेवल्या आहेस का? एकच फाइल परत परत वापरत नव्हतास ना?

धायरीचा_भाचा

ठेवल्या आहेत ताई. बाबांनी अभ्यासाच्या फायलींसाठी एक पेन ड्राइव्ह दिला होता, त्यात दर रविवारी कॉपी करायचो.

शेतातली_ताई

शाब्बास. अर्धा जीव वाचला.

पेंग्विन_कोथरूड

लिनक्सवर खेळणाऱ्यांसाठी एक भर, कारण ही अडचण कुणी सांगत नाही. विंडोजला "मेशेस" (जाळ्यांचा फोल्डर) मोठ्या अक्षराने लिहिलं काय आणि लहान अक्षराने लिहिलं काय, फोल्डर एकच. लिनक्सला ते दोन वेगळे. प्रोटॉनमधून (विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं साधन) स्कायरिम चालवताना तुम्ही हाताने झिप उघडत गेलात की एका मॉडचा फोल्डर मोठ्या अक्षराचा, दुसऱ्याचा लहान, आणि शेजारी शेजारी दोन फोल्डर तयार होतात. खेळाला त्यातला एकच सापडतो. मॉड बसलाय असं दिसतं आणि खेळात काहीच बदललेलं नसतं. मी आठवडाभर पोतांच्या मागे लागलो होतो आणि चूक एका अक्षरात होती. मॉड ऑर्गनायझर प्रोटॉनमधूनच चालवला आणि ती कटकट संपली.

गुरुवारची_लाइट

आमच्याकडे दर गुरुवारी दुपारी देखभालीसाठी लाइट जाते. डेस्कटॉप आहे, यूपीएसची बॅटरी आता पाचच मिनिटं धरते. फॉलआउट ४ या खेळाचा पोतांचा एक मोठा संच हाताने कॉपी करत होते आणि मधेच सगळं काळं. अर्ध्या फायली नव्या, अर्ध्या जुन्या, एक अर्धवट लिहिलेली. खेळात भिंती जांभळ्या. कुठपर्यंत कॉपी झालं होतं हे शोधायला कसलीच सोय नाही.

तेव्हापासून मॅनेजर. इन्स्टॉल होताना लाइट गेली तरी फार तर त्या एका मॉडचा फोल्डर बिघडतो. तो उडवायचा, परत टाकायचा. बाकीचे चाळीस शांत बसलेले असतात. ज्यांच्याकडे वीज बेभरवशाची आहे त्यांनी यावर जरूर विचार करावा.

हातचं_काम

मी एवढ्या सगळ्यांच्या विरोधात थोडं बोलतो.

मॅनेजर आला की मुलं फोल्डर उघडणंच विसरतात. हिंजवडीत माझ्या टीममधला एक जण शंभर मॉड लावून बसला होता, खेळ बंद पडला आणि त्याला लॉग (काय घडलं याची नोंद असलेली फाइल) कुठे असतो हेही माहीत नव्हतं. हिरवं बटण दाबलं की सगळं ठीक, एवढंच ज्ञान. आणि मॅनेजर असूनही काही गोष्टी हातानेच कराव्या लागतात. स्कायरिमचा स्क्रिप्ट एक्स्टेंडर बघा, जो मॉडना जास्तीच्या सोयी देतो. त्याची चालवायची फाइल आणि सोबतची डीएलएल डेटा फोल्डरात जात नाहीत, खेळाच्या मुख्य फोल्डरात जातात. मॉड ऑर्गनायझरचा आभासी फोल्डर तिथवर पोचत नाही, त्याला वेगळं जोडसाधन लावलं तरच. प्रकाशाचे जे ईएनबी संच असतात त्यांचंही तेच.

लोड ऑर्डर, म्हणजे प्लगइन उघडायचा क्रमही घ्या. लूट नावाचं साधन प्लगइनांचा क्रम लावून देतं आणि बऱ्याचदा चांगला लावतं. पण दोन प्लगइननी एकाच पात्राची नोंद बदलली असेल तर कोणाचा बदल हवा हे त्याला कसं कळणार? ते एक्सएडिट या साधनात दोन्ही नोंदी शेजारी ठेवून माणसानेच ठरवायचं. फायलींची टक्कर आणि नोंदींची टक्कर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॅनेजर पहिली सोडवतो. दुसरी तुमची.

म्हणून माझं मत: पहिले दहा मॉड हातानेच टाका. वही घेऊन. मग मॅनेजर.

तपकीरगल्ली

@हातचं_काम, नोंदींबद्दल जे लिहिलंत ते शंभर टक्के मान्य. बरेच जण मॉड ऑर्गनायझरमधला डावीकडचा क्रम आणि उजवीकडचा क्रम एकच समजतात. डावीकडे फायली, उजवीकडे प्लगइन.

संख्येची मर्यादाही सांगून ठेवतो. प्रत्येक वस्तूच्या ओळखक्रमांकात पहिले दोन सोळांकी (हेक्साडेसिमल) आकडे प्लगइनचे असतात. म्हणून पूर्ण प्लगइन जास्तीत जास्त २५४. हलकी प्लगइनं सगळी मिळून एकच जागा वाटून घेतात आणि ती ४०९६पर्यंत बसतात. मॅनेजर ही मोजणी समोर दाखवतो. हाताने टाकणाऱ्याला ती स्वतः करावी लागते, आणि मर्यादा ओलांडली की खेळ कारण न सांगता बिघडतो.

पण पहिले दहा हाताने, हे स्कायरिमवर नको. मुलाचं मन आधीच दुखलंय. ते शिक्षण स्टारड्यूवर होऊ दे.

हातचं_काम

हे पटलं. स्टारड्यूवर चालेल.

सिंहगडरोडकर

आज दिवसभर आम्ही दोघं बसलो, वृत्तांत देतो.

डेटा फोल्डर पूर्ण काढून टाकला आणि खेळ नव्याने उतरवला. डी ड्राइव्हवर. मॉड ऑर्गनायझर बसवला. स्क्रिप्ट एक्स्टेंडर हाताने, खेळाची आवृत्ती आणि त्याची आवृत्ती जुळवून. भाच्याने स्वतः फाइलच्या गुणधर्मांत जाऊन आकडा वाचला. मग एकेक मॉड. ज्यात पर्याय निवडायची खिडकी येते तिथे तो मला विचारायचा आणि मी म्हणायचो, तूच वाच, तूच ठरव. हाताने टाकताना त्याने या खिडक्या कधी बघितल्याच नव्हत्या. सगळे पर्यायांचे फोल्डर एकदमच डेटात ओढले होते. एका मॉडच्या तर तिन्ही परस्परविरोधी आवृत्त्या एकावर एक बसल्या होत्या.

सेव्हचं मात्र मन घट्ट करावं लागलं. शहरांचा मॉड टाकण्याआधीची सेव्ह अठ्ठावन्न तासांची निघाली. मधले बावीस-तेवीस तास गेले. तो दोन मिनिटं गप्प बसला. मी काहीच बोललो नाही, बायकोने न विचारता चहा आणून ठेवला. मग त्याने ती जुनी सेव्ह उघडली. पात्र व्हाइटरन शहराच्या दारात उभं होतं, आकाश निळं होतं, खेळ चालला.

संध्याकाळपर्यंत चौतीस मॉड झाले. उरलेले त्याला आता नकोच आहेत म्हणे.

पहाटेचा_विचर

वाचून बरं वाटलं. एक काम आजच करा. स्टीममध्ये खेळाच्या गुणधर्मांत "मी सुरू करेन तेव्हाच अद्ययावत कर" असं निवडा आणि खेळ नेहमी मॅनेजरमधून, स्क्रिप्ट एक्स्टेंडरवरूनच सुरू करा. डिसेंबर २०२३च्या स्कायरिमच्या अपडेटने आणि २५ एप्रिल २०२४च्या फॉलआउट ४च्या अपडेटने एका रात्रीत असंख्य लोकांचे एक्स्टेंडरवर चालणारे मॉड बंद पडले होते. तेव्हा मॅनेजर असो की हात, सगळे एकाच रांगेत होते.

धायरीचा_भाचा

केलं. सगळ्यांचे खूप आभार. ताई, स्टारड्यू सेलमध्ये आला की घेतो.

एक शंका. खेळ बंद केल्यावर मॉड ऑर्गनायझरच्या यादीत सगळ्यात खाली "ओव्हरराइट" लाल झालं. आत काही फायली आल्या आहेत, मी टाकलेल्या नाहीत. उडवू का?

तपकीरगल्ली

उडवू नकोस. खेळ चालू असताना मॉडनी ज्या नव्या फायली लिहिल्या, त्यांना ठेवायला जागा नसते म्हणून त्या तिथे येतात. बहुतेक लॉग आणि सेटिंगच्या फायली असतील. ओव्हरराइटवर उजवं क्लिक कर, "नवा मॉड तयार कर" निवड, नाव दे आणि तो नवा मॉड चालू कर. फायली त्यात जातील आणि लाल रंग जाईल. आत नक्की काय आहे ते उघडून वाच आणि इथे लिही, मग बाकीचं सांगतो.